एकही फडकं लागलं नाही

मंडळी, बसलात का नीट? मग एक प्रश्न घ्या! घरात कुणी रडत नाही, म्हणजे घरात दुःख नाही, असं म्हणता येईल का? हां, लगेच माना हलवू नका! ते खांबाशी बसलेले काका तर होय म्हणतायत... नाही नाही, त्यांना डुलकी लागलीय!

न्यायशास्त्रात जुना दाखला आहे. जिथं धूर, तिथं आग! खरं ना? आता तो उलटा करा. धूर नाही, म्हणून आग नाही! हे खरं? अहो, लोहारानं भट्टीतून लालबुंद गोळा बाहेर काढला — धुराची रेघसुद्धा नाही! मग घ्या की हातात! बघा, सगळ्यांनी हात मागं घेतले! तर्क न शिकता हाताला कळतं. आणि तर्क शिकलेल्या एका माणसाला ते कळलं नाही. त्याची ही कथा, ऐका.

चिंतामणराव बोडस त्यांचं नाव. लोखंड ओतायच्या कारखान्याचे व्यवस्थापक. माणूस सोळा आणे! कुणाचा कपभर चहा फुकट प्यायले नाहीत. तर्कशास्त्रात पदवी घेतलेली. कामगाराच्या अंगाला ओरखडा येऊ नये, ही एकच तळमळ. म्हणून त्यांनी प्रत्येक खात्यात एक लाल फडकं ठेवलं. यंत्रात दोष दिसला की कामगारानं ते बांधायचं — काम जागच्या जागी बंद! दुरुस्ती झाल्याशिवाय सुरू नाही. चांगलंच की हो!

पण चांगल्याला आणखी चांगलं करायची खोड वाईट! आवारात मारुतीचं देऊळ होतं. चिंतामणरावांनी जाहीर केलं — ज्या खात्यात महिनाभर एकही फडकं लागणार नाही, त्या खात्याला पहिल्या तारखेच्या आरतीचा मान! त्यांना वाटलं, माणसं यंत्रं जपतील. माणसं जपायला लागली — पण काय? मान! महिन्याला बारा फडकी लागायची, ती चारावर आली, मग एकेका खात्याचा महिना कोरा जाऊ लागला. चिंतामणराव खूश! फडकं नाही, म्हणजे दोष नाही!

ओतकाम खात्यात कृष्णात मगदूम होता. वितळलेल्या लोखंडाचं भांडं क्रेनच्या साखळीला अडकवायचं, हे त्याचं काम. एका सकाळी त्याला साखळीची एक कडी झिजलेली दिसली. फडक्याला हात घातला, तर सोबती आडवे!

"कृष्णा, आठ दिस ऱ्हायल्यात. वरसात आपल्याला एकदाबी मान न्हाई. तुझ्यापायी जायाचा व्हय?"

घरी बायकोनं, आक्काताईनं, आरतीचं ताट घासून ठेवलेलं. बिचारा काय करणार? तो थेट साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, क्रेनची साखळी एकदा तुमी सोता बघता का?"

"दोष आहे का, मगदूम?"

"एक कडी जरा... शंका हाय."

"फडकं लावलंत?"

"न्हाई, साहेब."

"मग झालं! दोष असता तर लावलं असतं. लावलं नाही, म्हणजे दोष नाही. आणि असेल तर लावा. मी अडवलंय का?"

मंडळी, आहे उत्तर यावर? पोटात होतं, पण ओठावर येईना! साहेब, तुम्ही नाही अडवलं, तुमच्या मानानं अडवलं — एवढंच त्याला म्हणायचं होतं. तो "बरं" म्हणाला आणि गेला. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. चिंतामणरावांना क्षणभर वाटलं, उठावं, बघून यावं. समोर कागद होते. ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडी तुटली.

टाळ नको, बाबांनो. जरा राहू दे.

कृष्णात वाचला नाही. चौकशी बसली. क्रेनवाल्यानं क्रेन नियमानंच चालवली होती. दुरुस्तीवाले म्हणाले, फडकं नव्हतं, आम्ही कसे येणार? सोबती गप्प. मग साहेबांना विचारलं, "तुमच्याकडे काही तक्रार आली होती?" तक्रारीची रीत एकच, फडकं. ते तर लागलं नव्हतं. चिंतामणराव म्हणाले, "नाही." तर्कानं बरोबर! आणि साफ खोटं! झालं, सगळे निर्दोष सुटले. अहो, एकेक माणूस निर्दोष — आणि माणूस तर मेला! मग दोष गेला कुठं? तो एकात नव्हताच. सगळ्यांना ज्या दोरीनं बांधलं होतं, त्या दोरीत होता. आणि दोरी वळली कुणी?

पहिली तारीख आली. कारकून दारात घुटमळला. "साहेब... नियमानं आरतीचा मान ओतकाम खात्याचा येतो. एकही फडकं लागलं नाही."

बघा, नियमाला रडू येत नाही!

देवळापुढं सगळे जमले, पण ताट घ्यायला कुणी पुढं होईना. आक्काताई सुतकात, म्हणून लांब फाटकाशी उभी. तिथूनच तिनं विचारलं, "साहेब, त्यांनी मला सांगितलं हुतं, साहेबांस्नी भेटून आलोय म्हून. काय बोलले हुते?"

काय पणाला लागलं होतं, मंडळी? नोकरी, अब्रू, तुरुंगसुद्धा! "काही नाही" म्हटलं की संपलं. बोलणारा तर मेला होता!

"साखळी बघा, म्हणाला होता," चिंतामणराव म्हणाले. "मी बघितली नाही. चौकशीत मी ते लपवलं."

तुम्हाला वाटत असेल, बाईनं क्षमा केली. नाही केली! ती एवढंच म्हणाली, "मग त्यांनी आनखी कसं सांगायचं हुतं?" आणि निघून गेली.

आरती झाली नाही. चिंतामणराव त्याच दुपारी पोलिसांत गेले. शिक्षा भोगून आले, म्हातारे झाले. पण त्या बाईच्या प्रश्नाला त्यांना मरेपर्यंत उत्तर सापडलं नाही.

आता तुमच्याकडं वळतो! का चुळबुळ करता? तुमची सून कधी उलट बोलत नाही, आणि तुम्ही चारचौघांत सांगता, आमची सून गुणाची! दुकानातला नोकर दहा वर्षांत कुरकुरला नाही, म्हणून तो सुखात! अहो, विचारलंत कधी? की गप्प बसेल त्यालाच शाबासकी, असा नियम तुम्हीच केलाय? आज घरी गेल्यावर देवापुढं बसायच्या आधी त्या गप्प माणसाशेजारी बसा. तो जे सांगेल, ते तुम्हाला ऐकवणार नाही. तरी उठू नका.

आणि आता त्या मारुतीच्या रामाचं नाव घ्या. मोठ्यानं नको, मंडळी. शेजारच्याचं ऐकू येईल, इतकं हळू घ्या.