एका ठोक्याला एक गाठ

‘...सुया टोचते, म्हणून तर पिल्लं वाकडी—’ एवढंच कानावर पडलं माझ्या, मालक, खाली जिन्यात इस्त्रीवाला तुम्हाला सांगत होता तेव्हा. मला बघून तोंडच मिटलं मेल्याने. बसा आधी. समोरच्या तुमच्या भाडेकरू पोरीच्या खोलीला कुलूप आहे, प्रयोगशाळेत गेलीये ती — आणि तुम्ही आलायत खोली रिकामी कर म्हणून सांगायला, हो ना? चेहऱ्यावरच दिसतंय. चहा घ्या. नको कसा? टाकलाय मी.

सुया-बिया काही नाही हो. अंड्याच्या कवचाला ती नखाएवढी खिडकी पाडते, हे मी पाहिलंय — आत बघते आणि चिकटपट्टी लावून टाकते, झालं. तिकडचं मोठं यंत्र बिघडलं म्हणून ही उबवायची लहान पेटी घरी आणली, तुम्हाला विचारायला हवं होतं, कबूल. पण पोरगी हुशार! मला म्हणाली, ‘काकू, पिल्लाच्या अंगात घड्याळ असतं.’ म्हटलं, कोंबडी कधीपासून घड्याळ बांधायला लागली गं? हसली आणि दाखवलंच मला. पाठीच्या मणक्यांआधी तिथे बारीक गाठी येतात, जोडीजोडीने, मानेकडून शेपटीकडे — दीडेक तासाला एक जोडी. आधीची बसली की पुढची. ठोका आतच पडतो, किल्ली कोणी द्यायला नको. बाहेरून फक्त ऊब हवी, तीही बेताची. बेताची — दोनदा म्हणाली ती. ऐकलं होतं मी, मालक. ऐकलं नव्हतं असं नाही.

तर... तिच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. पेटीतल्या वाटीत पाणी घालायचं, एवढंच माझं काम. मग ऊब कमीजास्त करायच्या बटणाला हात कशाला? — अहो, काच गार लागली! तीन पोरं वाढवलीत मी; गार लागलं की पांघरूण घालायचं, एवढंच येतं मला. फिरवलं थोडं. घरी आले, जेवले, जरा आडवी झाले — जाग आली तेव्हा उन्हं उतरलेली. धावत गेले तर पेटी ही तापलेली. बटण होतं तिथे आणून ठेवलं आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी तिनेच हाक मारली. खिडकीतून बघते तर गाठींची ओळ नीट, नीट, मध्येच एक वेडीवाकडी, मग परत नीट, आणि जरा पुढे पुन्हा तशीच एक बिघडलेली. सगळ्या अंड्यांत नाही हं — उष्णता सगळ्यांनाच लागली, पण ज्यांचं पाठ घडवायचं काम त्या दुपारी चालू होतं त्यांच्यातच. ‘काकू, बटण मीच नीट लावलं नसेल,’ म्हणाली. डोळे भरलेले. कित्येक महिन्यांचं काम हो तिचं! आणि मी काय म्हणाले? ‘होतं गं, वीज वरखाली होते.’

इस्त्रीवाल्याला कोणी सांगितलं म्हणजे? — आता... कपडे द्यायला गेले होते, निघालं तोंडातून. वाकडी पाठ एवढंच म्हणाले! सुई त्याची. तो म्हणाला, ‘काहीतरी टोचत असणार बाई’ — आणि मी नाही म्हणाले नाही. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंच वाटलं मला. कोणाच्या तरी सुईवर गेलं ना सगळं.

असे बघू नका माझ्याकडे. खिडकी खरी, वाकडी पाठ खरी — पण ती माझ्या हातची. सुई कुठेच नाही. पिल्लं तर अजून बाहेरही आली नाहीत, आणि तुम्ही मात्र तिला बाहेर काढायला निघालात. पेटी न्यायला सांगा हवं तर, पण खोली राहू द्या तिला. काय? तिला ठाऊक आहे का? —

थांबा. पावलं वाजली. तीच ती, दोन-दोन पायऱ्या चढते. उठा तुम्ही. चहा राहू द्या. तिला एक शब्द बोलायचा नाही, आधी मी बोलणार. जा म्हणते ना!

...आलीस गं? ये, आत ये. आधी ही किल्ली घे तुझी.