भात वाढला की मोर्शीत कळते

...नाही पण मले एक सांगा, कूलर कोणासाठी असते? माणसासाठी की सायकलीसाठी? मे महिना, अमरावतीचं ऊन, भिंतीले हात लावला तं पोळते, अन् आमच्या घरातल्या एकुलत्या एका कूलरचं तोंड हॉलमधल्या सायकलीकडे. मी सैपाकघरात कणकेसंगं भिजून राहिली, अन् विपुल, म्हणजे माझा नवरा, लग्नाले अजून वर्ष नाही झालं, तो हॉलमधी सायकल मारून राहिला. तुम्ही म्हणाल हॉलमधी सायकल जाते कुठं... जातच नाही नं. मागचं चाक काढायचं, त्या जागी एक यंत्र लावायचं, समोर टीव्ही, अन् टीव्हीत रस्ता. टीव्हीत घाट आला की ते यंत्र आपोआप पायडल जड करते, मंग याचा दम लागते, घाम टपटप गळते, अन् तो घाम फरशीवरून पुसते कोण? मी. दोन-दोन घाट चढून उतरते बाप्पा, अन् दारातली चप्पल जागच्या जागी. सायकल जागची हलत नाही, अन् नवरा हाती लागत नाही.

बरं, एकटा जात असता तं मी बोलली नसती. हर्षासंगं जाते.

ही हर्षा मोर्शीची. तिथं कॉलेजात खेळ शिकवते, तिच्याही घरी असंच यंत्र आहे. ती मोर्शीत पायडल मारते, हा अमरावतीत मारते, अन् टीव्हीत दोघं बाजूबाजूनं, बर्फाच्या डोंगरातून. मले चिखलदऱ्याले न्यायले याले सुटी भेटत नाही. मी ताट घेऊन हॉलमधून चालली की टीव्ही एकदम टुंग करते, मी दचकते, वरण सांडते, अन् टीव्हीवर लिहून येते, हर्षा तुमच्या पुढे गेली. मंग स्पीकरमधून तिचा आवाज, "विपुलजी, खांदे सैल सोडा नं, किती ताठ बसता." आता हेच मी सांगितलं असतं तं, "तुले काय समजते यातलं." तिनं सांगितलं, अन् याचे खांदे असे खाली आले, दोरीवरून सदरा सरकावा तसे.

अन् तो छातीचा पट्टा. तो लावला की हृदयाचे ठोके फोनात दिसतात. माझ्याही फोनात दिसतात, यानंच जोडून देल्ले, "तुले काळजी वाटते नं, पाहत जा." आता मले कोणी काही पाहत जा म्हटलं की मी पाहतच बसते. तं काय दिसलं? हर्षा पुढे गेली की ठोके धाडधाड वर. मी लिंबू सरबत घेऊन समोर जाऊन उभी राहिली की आकडा सुर्रकन खाली. म्या विचारलं, हे काय? तं म्हणते, "अगं, तू आली की मन शांत होते." शांत तं माणूस शनिवारच्या पारायणातही होते. मले शांत नव्हतं करायचं त्याले.

ते एक असो. पण मंग आला वजनकाटा. याच्यावर उभं राहिलं की वजन फोनात जाते, फोनातून हर्षाकडे जाते, कारण तिनं याले जेवणाचा तक्ता करून देल्ला. पोळ्या किती, तूप किती. म्हणजे मी रात्री एक चमचा भात जास्त वाढला तं सकाळी मोर्शीत कळते. "विपुलजी, काल काही जड खाल्लं काय?" माझ्या हातच्या भाताले जड म्हणणारी तू कोण वं? पण बोलणार कोणाले. सायकल जागची हलत नाही, अन् नवरा...

अन् यातच आला धोंड्याचा महिना. लग्नानंतरचा पहिला धोंडा, तुमाले तं माहीतच आहे, जवाई म्हणजे देव. त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, पुरणाच्या पोळ्या, वर अनारशांचं वाण. अन् जवायानं 'बस' म्हटलं तं ते पोळीले नाही म्हटलं असं होत नाही, सासूले म्हटलं असं होते. माझं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. आईनं, म्हणजे वच्छलाबाईनं, आठ दिवस आधीपासून गल्लीभर सांगून ठेवलं की आमचा जवाई येऊन राहिला. अन् मले इकडे झोप नाही. हा पाटावर बसन, तक्ता आठवन, अन् ताटावर हात आडवा धरन. माझ्या आईच्या ताटावर. मोर्शीच्या सांगण्यावरून.

मी म्हटलं, "त्या दिवशी तरी पोटभर खाशीन नं?" तं म्हणते, "पाहू, हर्षाले विचारतो." वरून म्हणते, "मी यष्टीनं नाही येत, सायकलीनं येतो. पहाटे निघतो. हर्षाही येते."

इतके दिवस सायकल जागची हलत नाही म्हणून रडत होती, हलली तं हिच्यासंगं हलली.

मी आदल्या दिवशी यष्टीनं अकोल्याले पोचली. सकाळी आई पुरण वाटून राहिली, अन् मी फोन घेऊन चुलीपाशी. फोनातल्या नकाशावर दोन ठिपके, एक याचा, एक तिचा, एकमेकाले चिकटून. बडनेरा गेलं, चिकटलेलेच. मूर्तिजापूरपाशी दोन्ही थांबले. थांबले ते हलतच नाहीत. अन् याचे ठोके? आरामात खाली. मायबाई. म्हणजे मन शांत होऊन राहिलं की काय कोणापाशी? माझ्या हातून तुपाचं भांडंच कलंडलं. बाबा ओसरीतून म्हणतात, "पंक्चर झालं असन वं आरते, तू कायले अशी भुतावानी झाली?"

पंक्चरच होतं. हर्षानं काढून देल्लं, याले चाकही नीट बसवता आलं नाही. हॉलमधल्या सायकलीले पंक्चर होत नाही नं, कुठून येईन.

दारात आले तं पुढे हर्षा, ताजी टवटवीत, मागे आमचे जवाईबापू, तोंड लालबुंद. आईनं याचे पाय धुतले, पाटावर बसवलं, अन् पाहुणी म्हणून बाजूच्या पाटावर हर्षाले. आई पहिली पोळी वाढून दुसरी घेऊन आली, अन् मले जे भेव होतं तेच झालं. यानं ताटावर हात आडवा धरला.

"बस आई, मले तक्ता आहे."

आईले तक्ता काय समजते? ती तशीच वाकून उभी, हातात पोळी, अन् दारातून शेजारच्या इंदूबाई पाहून राहिल्या. आईचे डोळे असे भरून आले. मी हर्षाकडे पाहिलं. आता बोल म्हटलं मनात, तुझाच प्रताप आहे हा.

तं ती काय म्हणते? "काकू, इकडे वाढा. तो तक्ता त्यांचा आहे, माझा नाही. मी एवढा रस्ता मारत आली, मले भूक लागली."

अन् जेवली हो. पोळीत तुपाचं आळं करून जेवली, आमटी भुरकली, पुन्हा मागितली, बाबाले म्हणे, "काका, तुम्हीही बसा नं." आईचे डोळे पुसल्या गेले, तोंड असं फुललं, जसं माझ्या लग्नातही फुललं नव्हतं. "खाय वं माय, खाय. खाणाऱ्याच्या ताटात वाढलं तं हाताले बरं वाटते." याच्या ताटात एकच पोळी, वाळून चालली. यानं हळूच हात बाजूले घेतला, पण पाहते कोण? वाढणं सारं तिकडे सुरू.

मंग वाण. शास्त्रापुरता एक अनारसा अन् टॉवेल-टोपी याच्या हातात देल्ली, अन् बाकीचा डबा हर्षाच्या पाठीवरच्या पिशवीत. आई म्हणते, "जवाईबापूले चालत नाही नं, वाया कायले घालवू?" छातीचा पट्टा अजून तसाच होता, माझा फोन हातात. ठोके पाहिले. बर्फाच्या कोणत्याच डोंगरात इतके वर गेले नव्हते. अन् यावेळेस मले वाईट नाही वाटलं. खरं सांगते, बरंच वाटलं.

घरी आल्यावर यानं तक्ता फाडला. वजनकाटा पलंगाखाली लोटला. रात्री एकदम उठून बसला, मी दचकली, तं म्हणते, "आरती, तुझ्या आईनं मले निदान चार अनारसे तरी द्यायले पाह्यजे होते."

म्हणजे सारं ठीक झालं म्हणता? ऐका. आईनं बाबाकडून आपल्या फोनात तेच ठिपके-ठोके टाकून घेतले, हर्षाचे. आता रोज सकाळी ती मोर्शीचा ठिपका पाहते. परवा मी फोन केला, ताप होता मले, तं आई म्हणते, "जरा थांब वं, हर्षी चढावर आहे, तिचे ठोके वाढून राहिले, उतरू दे तिले, मंग बोलते." अन् ठेवला फोन.

नवरा आला माझ्या हाती, नाही असं नाही. कूलरचं तोंडही आता माझ्याकडे. सकाळी आईले फोन लावाले दोघं बाजूबाजूनं बसतो, तोंडं पाडून, अन् हर्षा घाट उतरायची वाट पाहतो.