एका पेटीत दोन बिऱ्हाडं

...आणि वर नात मलाच म्हणते, "आजी, हात लावू नकोस!" अगं, हात कोण लावतंय? मी नुसती बघतेय! बघायचं पण नाही का? तुम्हाला सांगते, आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि धनी दोन. सूनबाई त्यावर भरतकामाची नक्षी काढते, तिचं ते सगळं जुन्या विंडोजवरच चालतं. नातीला कॉलेजसाठी विंडोजच्या जागी लिनक्स पाहिजे. झालं! रोज मायलेकींची जुंपायची. शेवटी नात म्हणाली, "आई, तुझं जुनं राहू दे, शेजारी माझं नवं बसवते." म्हटलं, शेजारी म्हणजे कुठे गं? डबा तर एवढासा! तर म्हणे, आत भिंत घालायची. आता मला सांगा, एका पेटीत दोन बिऱ्हाडं!

मला काही चैन पडेना. विचारलं, "यातलं एक खोकलं तर दुसऱ्याला ऐकू जातं का गं?"

"एक जागं असलं की दुसरं झोपलेलं असतं, आजी."

"मग झोपेत त्याला कळतं का, शेजारी काय चाललंय ते?"

"आजीऽऽ!"

विचारू नये का माणसानं? भिंत घालताना सूनबाईनं तर डोळेच मिटून घेतले, तिची सगळी नक्षी आत ना! पण निभावलं. आता चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं येतात... कोणाकडे जायचंय? आपण गप्प बसलो, तर थोडी वाट बघून ते आपणच एकाचं दार उघडतं. शहाणं आहे! मी मुद्दाम गप्प बसून बघितलंय. एका पेटीत दोन बिऱ्हाडं, पण भांडण म्हणून नाही!

असं वाटलं हो मला.

त्या दिवशी सूनबाईचं पहिलं मोठं काम होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या खिशावरचं चिन्ह. कपडेवाल्यानं बजावलेलं, "ताई, तीनच्या आत नक्षी माझ्या हातात पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला." सकाळी उजाडताच नात आपल्या बिऱ्हाडात काहीतरी करून, बंद करून कॉलेजला गेली. मग सूनबाईनं आपलं उघडलं आणि जी मान खाली घातली! फोन स्वयंपाकघरात. भिंतीवरचं घड्याळ बंद, त्याचा सेल नातीनं काढून माउसमध्ये घातलेला. मी शेजारी स्टुलावर. पोटात ही भूक! म्हटलं, "अगं, जेवायचं नाही का?" ती कोपऱ्यातले आकडे बघून म्हणते, "आई, आत्ता कुठे साडेआठ!" म्हटलं, वय झालं, पोटाचं काय ऐकायचं... आकडा खोटं बोलेल का?

आणि फोन वाजला. "ताई, तीन वाजत आले, निघू का मी?"

"अहो दादा, दहासुद्धा वाजले नाहीत!"

"का हो ताई, तुमच्याकडे सूर्य उशिरा उगवतो का?"

मेली धावली हो माझी सूनबाई! नक्षी पेनड्राइव्हमध्ये घातली, एका पायात तिची चप्पल, एका पायात माझी, आणि सुटली! तो दुकानाचं शटर अर्धं ओढून उभा. ही खालून वाकून आत! दम लागलेला, बोलता येईना, नुसता हात पुढे. घेतली बाई त्यानं नक्षी. काम वाचलं, पण माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

संध्याकाळी नातीला धरलं. हे काय गं? एका पेटीत दोन बिऱ्हाडं आणि घड्याळ एकच? तर म्हणे, तेच तर झालं! नवं जाताना घड्याळात परक्या गावची, साडेपाच तास मागची वेळ लावून जातं. जुनं उठतं, तीच आपल्या गावची समजून बसतं. इंटरनेट असतं तर त्याला कळलं असतं, पण ते नातीनंच तोडलेलं, "म्हातारं झालंय, बाहेरचं काहीतरी लागेल" म्हणून!

"मग आता समजूत कोणाची काढणार?"

"नव्याची. एक ओळ लिहायची, की ते जुन्याच्या वेळेनं चालतं."

"उलट बोलत नाही?"

"नाही."

"फुरंगटत नाही?"

"नाही गं आजी, निमूट ऐकतं."

एक ओळ लिहिली की ऐकतं! आणि मी बाई... लिहिता येत नाही म्हणून, या घरात इतकी वर्षं तोंडानं सांगत बसलेय!