तुवालूसाठी राखून ठेवलेली खाट

...नाही हो, वयानं नाही! तुम्हाला सांगतो, ही पाठ वयानं धरलेली नाही, ही तुवालूनं धरलीय! हसा, हसा. तुवालू म्हणजे काय हे जूनपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं, मला वाटलं चोळायचं मलम असेल. देश आहे! पार तिकडे पॅसिफिक महासागरात. नकाशात शोधायला बसलो तर दोनदा चष्मा पुसला, म्हटलं काचेवरच काहीतरी चिकटलंय. आता मला सांगा, जन्म लालबागच्या चाळीत, नोकरी कॉटन ग्रीनला गोदामाच्या ऑफिसात पत्रं टाइप करायची, सासुरवाडी शिवडी... तुवालू आमचं कोण लागतं?

सगळं सुरू झालं आमच्या नूपुरच्या शाळेत. नवीन विषय काढला म्हणे, जागतिक नागरिकत्व. अहो, आमच्या वेळी नागरिकशास्त्र होतं, ग्रामपंचायतीपासून सुरू व्हायचं आणि परीक्षा येईपर्यंत जेमतेम जिल्हा परिषदेपर्यंत पोचायचो, तिथेच वर्ष संपायचं! ही पोरं सहावीत डायरेक्ट जगात! दीपिका टीचरनी पालकसभेत सांगितलं, अगदी गोड आवाजात, "पॅरेंट्स, आपण सगळेच ग्लोबल सिटिझन आहोत. प्रत्येक मुलाला चिठ्ठी टाकून एकेक देश मिळेल, ऑक्टोबरमध्ये जागतिक परिषद भरेल, आणि मुलं आपापल्या देशाची बाजू मांडतील!" आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातंय?

चिठ्ठ्या निघाल्या. टॉवरमधल्या शंतनूला अमेरिका. कोणाला जपान, कोणाला जर्मनी. आमच्या पोरीला तुवालू! मी म्हटलं, बाळा, टीचरना सांग, बदलून द्या, जर्मनी नसेल तर निदान श्रीलंका तरी द्या, तिथे क्रिकेट तरी आहे. तर ती म्हणते, "पप्पा, देश असा बदलून मिळत नाही." आणि ढसाढसा रडायला लागली. मला वाटलं, छोटा देश मिळाला म्हणून रडतेय. तर म्हणते, "पप्पा, ते बुडतायत."

बुडतायत? म्हणजे खरंच बुडतायत हो! समुद्र वर वर येतोय, जमीन म्हणजे ही एवढीशी पट्टी, डोंगर नाही, टेकडी नाही, पळून चढणार कशावर? आणि परिषदेत ठराव काय, तर तुवालूच्या माणसांना बाकीच्या देशांनी जागा द्यायची की नाही. अर्ध्यापेक्षा जास्त हात वर झाले तर ठराव पास. नूपुर मुसमुसत म्हणाली, "एकही हात वर होणार नाही, पप्पा. शंतनूनं आत्ताच सांगितलंय, अमेरिकेचा विचार नाहीये." हा शंतनू, ज्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही!

त्या दिवशी पोरीच्या ताटात बांगडा तसाच राहिला. आमच्या घरात बांगडा ताटात राहतो म्हणजे प्रकरण गंभीर. गॅलरीत बातमी पसरायला किती वेळ? शेजारच्या जाईबाई दारात हजर. "प्रफुल्ल, पोरगी का रडतीया?" मी सांगितलं, असं असं बेट आहे, बुडतंय. "मानसं किती हायत?" म्हटलं, दहा-अकरा हजार असतील. "हात्तिच्या! यवढी तर गणपतीला आपल्या दारातनं लायनीत पुढं सरकत्यात!" आणि नूपुरच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. आता मला सांगा, जाईबाईंचं तरी तुवालू कोण लागतं?

भाषण मी लिहून दिलं. पत्रांत हात बसलेला माझा! "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आमचा देश बुडत असून, याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती." मीनाक्षीनं, म्हणजे आमच्या हिनं, वाचलं आणि म्हणाली, "अहो, देश बुडतोय की ऑफिसातला पंखा बंद पडलाय?" मी दुर्लक्ष केलं. कलेची कदर घरात होत नाही.

परिषदेला पालकांना बोलावलं होतं. पालक म्हणजे आई आणि बाप, बरोबर? आमचा अख्खा मजला आला! नूपुरची बाजू पडती आहे म्हटल्यावर घरी कोण बसणार? जाईबाई नवं लुगडं नेसून, आमचे मालवणी गुणाजीकाका इस्त्रीचा शर्ट घालून, सगळे मागच्या दोन रांगा धरून. समोर पोरं कोट घालून, प्रत्येकापुढे झेंडा. जपान उठला, "आम्हाला अतिशय दुःख होत आहे." बसला. जर्मनी उठली, "आम्ही समिती नेमू." बसली. शंतनू टाय सावरत म्हणतो, "अमेरिका परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे." लक्ष ठेवून आहे! अरे, बुडणाऱ्यावर लक्ष काय ठेवतोस, हात दे!

मग आमची नूपुर उठली. "उपरोक्त विषयास... अनुसरून... आपणांस..." आणि अडकली. पुढचं आठवेना. मुलं खुसखुसतायत, मी इथून ओठ हलवतोय, कळविण्यात येते की, कळविण्यात येते की... तिनं माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि सरळ जपानसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमच्याकडे किती झोपतील?"

तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला! हे आमच्या चाळीतलं वाक्य आहे. कोणाकडे लग्न असलं की पाहुणे काय एका खोलीत मावतात? मग त्या घरची बाई गॅलरीतून दारोदार विचारत जाते, तुमच्याकडे किती झोपतील? पाहुणा कोण, कुठला, कशाला आला, काही विचारायचं नाही. आकडा सांगायचा आणि गादी घालायची! जपान टीचरकडे बघायला लागला. जर्मनी झेंड्यामागे लपली. आणि मागून खणखणीत आवाज आला, "आमच्याकडं दोन!"

जाईबाई! उभ्या राहून, हात वर! लगेच गुणाजीकाका, "माझ्याकडे तीन! समुद्रातली माणसां, मासे तर खातत मा?" आणि आमची ही, मला न विचारता, "आमच्याकडे दोन, खाट देऊ!" अगं, कोणाची खाट? दीपिका टीचर धावत आल्या, "आजी, प्लीज, हे खरं नाहीये, ही फक्त अॅक्टिव्हिटी आहे!" जाईबाई म्हणाल्या, "आसू द्या बाई. तुमच्याकडं किती?" टीचरनी घाम पुसला, हळूच म्हणाल्या, "माझं वन बीएचके आहे... पण दोन होतील." झालं! टाय सोडून शंतनू खुर्चीवर उभा, "अमेरिकेत गेस्ट रूम आहे!" जपाननं हात वर केला, जर्मनीनं दोन्ही हात वर केले, ठराव पास! नूपुर धावत येऊन मला चिकटली, आणि मी रडलो. लाजायचं काय त्यात, चांगला हुंदके देऊन रडलो!

इथे गोष्ट संपायला हवी की नको? दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गॅलरीभर गाद्या उन्हात! जाईबाई काठीनं झोडपतायत. "प्रफुल्ल, कधी येत्यात रं ती मानसं?" मी म्हटलं, अहो जाईबाई, कोणी येत नाहीये, ते नाटक होतं शाळेतलं. त्यांनी काठी खाली ठेवली. "नाटक? मंजी त्यांचं बेट बुडत न्हाई?" म्हटलं, नाही, बुडतंय, ते खरं आहे. "मग?"

आता या 'मग'ला उत्तर आहे तुमच्याकडे? तेव्हापासून मजल्यावर तयारी चालू आहे. गुणाजीकाकांनी सोलकढीसाठी कोकम भरून ठेवलंय, नूपुर जाईबाईंना नकाशा शिकवतेय आणि जाईबाई तिला विचारतात, "वाटंत खायला काय मिळत आसंल गं?" आणि मी? मी जमिनीवर. सतरंजीवर. पाठ धरली तेव्हा हिला हात जोडून म्हटलं, आता मला सांग, तुवालू आमचं कोण लागतं? बरं, येऊ देत, दोघं काय, चौघं येऊ देत, पण ते येईपर्यंत तरी मला माझ्या खाटेवर झोपू दे!

म्हणाली, "नको. चादर धुऊन घातलीय त्यांच्यासाठी, मळेल."