गाऱ्हाण्यातला होकार

चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात रत्नागिरीच्या स्टँडवर येसूबाई मुंबईच्या गाडीला उभी होती. रांगेत पुढे बाप-लेक होते.

"सहदेवा, सकाळी देवळात मी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा सगळी 'व्हय म्हाराजा' म्हणाली. तू काय म्हणालास?"

"'नू दा' आलं तोंडात, बाबा. रशियात म्हणतात तसं. म्हणजे हो-च. बोलण्याच्या ओघात येतं."

"देवापुढं?"

"चार वर्सं झाली ना. आधी मी पुस्तकातलं रशियन बोलायचो, तर पोरं हसायची. मग हॉस्टेलातल्या म्हातारीनं शिकवलान. मध्ये मध्ये 'नू', 'वोत' असले भरीचे शब्द घालत जा, म्हणजे परका वाटणार न्हाईस."

"मग आता न्हाईस वाटत?"

"न्हाय. आता कोण इचारत पण न्हाय, कुठचा म्हणून."

म्हाताऱ्यानं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मी देवाकडं काय मागितलं, ते ऐकलंस?"

"नू..."

"शिकून झालं की लेकरू माघारी घरी येऊ दे, म्हटलं."

गाडी लागली. सहदेव खाली वाकून ट्रंकेची कडी धरून तसाच राहिला.

येसूबाईच्या तोंडून हळूच गेलं, "व्हय म्हाराजा."