एकच पंप दोघांत

हॅलो?… हां, बोल मालूताई… हो, हॉस्पिटलातच आहे, परळला. वॉर्डच्या बाहेर उभी आहे, जिन्यापाशी… येतोय ना आवाज?… बाबा पडलेत डोळे मिटून. ऑक्सिजन चालू आहे. ताप उतरलाय पण.

न्यूमोनियाच… हो, उजवीकडे. एक्सरे दाखवला मला. खालचा भाग सगळा पांढरा.

आत्ता फोन देऊ? कशाला?… अगं, ऐक ना… त्यांना ओरडायला? ताई, मास्क आहे त्यांच्या तोंडावर. तू ओरडशील, ते बोलायचे कुठून?

कोणी सांगितलं तुला?… धनेशने. वाटलंच. सकाळी वीस मिनिटं आला नि खाली उतरता उतरता गावाला फोन लावला… हो, भाऊ आहे, हक्क आहे त्याचा. मी कुठे नाही म्हणतेय.

हो… हो, म्हणाले बाबा तसं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी काही औषध घेत होते का. मी तोंड उघडायच्या आधीच हे मास्क बाजूला करून म्हणतात, 'मिया घेतलंय. पोरीचो पंप कपाटात असता, चोरून घेतलंय, आठ दिस. तिका काय्येक माहीत नाय.'

नको ना असं बोलूस… आशाळभूत कसले गं ते. पंप काय लाडू आहे चोरून खायला?

एक मिनिट हां. ओ दादा, आधी स्ट्रेचर जाऊ द्या ना… हां, बोल.

हो, माझा दम्याचाच पंप. तपकिरी टोपणवाला. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा तो… हो, मलाही तेच वाटायचं. दमा तो दमा. तुला आठवतंय ना, आपल्या घरी एकाच्या डोळ्याचं औषध चौघांच्या डोळ्यांत पडायचं. शेजारच्या मीराबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या आईने वर्षभर खाल्ल्या. कोणी विचारलं, कसली गोळी म्हणून?

पण हा दमा नाहीच, ताई. सीओपीडी म्हणतात… अगं, वेगळं आहे. डॉक्टरीणबाई आहेत ना, ऋग्वेदा नाव आहे, तुझ्या आकांक्षाएवढीच असेल, तिने कागदावर नळ्या काढून समजावलं. ऐक ना. आपल्या अंगात राखणदार असतात म्हणे, रोगाशी लढणारे. माझ्या छातीतले राखणदार वेडे. उदबत्ती लावली, बुरशी आली, मांजर आलं, की त्यांना वाटतं चोर शिरला. धावत येतात नि नळ्या आवळून बसतात. त्यांचं नाव लिहून घेतलंय मी… इओसिनोफिल. माझा पंप त्यांना शांत करतो. म्हणून मला लागू पडतो.

बाबांचे वेगळे. त्यांच्यात ते माझेवाले जवळजवळ नाहीतच. कालच्या रक्तात चाळीस आले. माझे गेल्या वेळी सहाशे होते, फोनमध्ये आहे रिपोर्ट. बाबांच्या छातीत दुसरी फौज बसलीये, न्यूट्रोफिल… अगं, नाव सोड. हे वेडे नाहीत, खऱ्याच कामाला आलेले. वीस वर्षं मिलच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या मशिनींवर, धूळ खाल्ली बाबांनी, वर बिडी. त्या धुळीशी, त्या धुराशी लढायला आले हे. मिल बंद पडली, बिडी सोडून अकरा वर्षं झाली, पण ते काही घरी गेले नाहीत. आता फुफ्फुसच कुरतडत बसलेत.

नाही ना. तेच तर. माझ्या पंपाने ते ढिम्म हलत नाहीत. उलट, ज्यांनी जंतू अडवायचे त्या राखणदारांनाच तो सुस्त करतो… हो, स्टेरॉईड असतं त्यात… देतात, काही काही सीओपीडीवाल्यांनाही देतात, पण रक्त बघून, दुसऱ्या औषधाच्या जोडीने. असा नुसता नाही. नुसता दिला तर फायदा काही नाही, नि न्यूमोनिया व्हायची भीती मात्र वाढते.

हं?… काय म्हणालीस?

आठ दिवसांत एवढं होतं का…

 

ताई, आठ दिवस नाही.

नाही, चोरून पण नाही. मीच दिला… हो, मी. माझ्या हाताने. गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून. रोज दोन वेळा… दीड वर्ष होईल आता.

थांब, मला बोलू दे. मधे बोललीस तर मला जमायचं नाही… सकाळी मी दोन वेळा ओढायची, चूळ भरायची, ओढणीने पंप पुसायची नि बाबांच्या हातात द्यायची. ते बेसिनपाशी उभेच असायचे, मिलच्या पाळीला उभं राहावं तसे. चूळ भरा म्हणून सांगायचं मला सुचलं नाही. त्यांची जीभ पांढरी झालेली, मला वाटायचं चहा जास्त होतोय.

नाही, तू कुठे म्हणाली होतीस. तू आलं-मध म्हणाली होतीस. पंप माझंच डोकं.

का म्हणजे… दाखवायचं राहिलं गं. ओपीडी सकाळची, शाळेत ॲडमिशनचं काम, क्लार्क मी एकटी. म्हटलं गणपतीनंतर जाऊ. मग दिवाळीनंतर. मग परीक्षा… हो, दोन तासांची लाईन असते. दोन तास नाही काढले मी.

नाही, तेही खरं नाही. खरं सांगू?… खोकायचे खूप. दहा बाय बाराची खोली आपली, काळाचौकीची. ते रात्रभर खोकायचे आणि मला पाचला उठायचं असायचं. एकदा मी ओरडले, बाबा, झोपू द्या ना जरा. दुसऱ्या दिवशी पंप दिला. त्यांच्यासाठी नाही दिला, ताई. माझ्या झोपेसाठी दिला.

नाही, रडत नाहीये. दम लागलाय थोडा. जिने चढले ना.

आणि त्यांनी काय केलं माहितीये? दुसऱ्या दिवसापासून रात्री खोकणं बंद. मी म्हटलं, बघा, लागू पडला. 'मोप बरा वाटता' म्हणायचे. रोज मी विचारायची, रोज तेच. आणि आज ती डॉक्टर म्हणते, यांना त्या पंपाने आराम पडलाच नसणार. मग ते रात्री… ताई, उशीत तोंड दाबून खोकत होते ते. उशीची खोळ धुवायला घेतली की मला दिसायचे डाग. मला वाटायचं, तपकीर ओढायला लागले.

शिवी दे ना एखादी.

डॉक्टरला?… नाही सांगितलं… कारण त्यांनी पटकन सांगून टाकलं ना, आठ दिवस, चोरून. धनेश बाजूला उभा. मी लादीकडे बघत राहिले. तिने लिहून घेतलं. आठ दिवस.

कळतंय मला. किती दिवस घेतलाय त्यावर पुढचं औषध ठरतं, तीच म्हणाली. सकाळपासून ते कळतंय म्हणून तर इथे जिन्यात उभी आहे. आत गेले की ते माझ्याकडे बघतात नि मान हलवतात, गप्प राहा म्हणून. चोर झाले, ताई, माझ्यासाठी. जन्मात कुणाची टाचणी घेतली नाही त्यांनी.

हो, सांगते… राऊंडला आली की… ताई, आलीच ती. वॉर्डात शिरली. काय करू?… हो, जाते. तू फोन ठेवू नकोस. माझ्या हातात राहू दे. ऐक तिथूनच.

डॉक्टर, एक मिनिट… हो, दौलत बाबांचीच मुलगी, सुचित्रा. सकाळी जे लिहून घेतलंत ना, पंपाचं, ते चूक आहे… बाबा, हात खाली ठेवा. सुई निघेल… नाही, मला बोलायचंय. डॉक्टर, आठ दिवस नाही, दीड वर्ष. दिवसातून दोन वेळा. त्यांनी चोरला नाही. मी देत होते… माझाच, हा बघा… नाही, कुणालाच विचारलं नव्हतं… तोंड? नाही, चूळ नाही भरायचे… जीभ पांढरी आहे, हो, बघा ना… हो, मी थांबते इथेच. लिहून घ्या सगळं… बाबा, मान कितीही हलवा, मी आता सांगून टाकलंय.

हॅलो… ताई? आहेस?… ऐकलंस ना सगळं?… बरं झालं.

नाही, रागावली नाही. तोंड तपासलं, जिभेला औषध लिहिलं. म्हणाली आता बरोबर पंप देऊ, नळ्या मोकळ्या ठेवणारा. त्यांच्या नावाचा, वेगळा… गेलेलं फुफ्फुस नाही येत परत, ते विचारलं मी. सरळ सांगितलं तिने.

तू पण नाही रागावलीस? मग रड तरी नकोस गं. तू रडायला लागलीस तर…

थांब. बाबा काहीतरी खुणा करतायत. फोन मागतायत बहुतेक… काय, बाबा? मालूताई आहे. बोलायचंय?… नाही? मग काय?… पर्स? माझी पर्स कशाला?… बाबा, मास्क काढू नका ना, डॉक्टर आत्ताच… 

काही नाही, ताई. काही नाही झालं. बोलले.

विचारतात, 'तुझो पंप घेतलंस काय आज?'

नाही घेतला ना मी. कालपासून नाही घेतला. त्यांच्या अंथरुणापाशी तो पंप बाहेर काढायची लाज वाटते मला… आणि तसंही गेले दोन महिने एकच वेळ घेते मी, दोघांत पुरत नाही म्हणून. मला वाटायचं, त्यांच्या लक्षात नाही आलं.

हो बाबा, घेते… हो, आत्ता. इथेच. बघा.

ताई, ठेवते. चूळ भरायला पाणी हवं म्हणून स्वतःचा पेला पुढे करतायत.