कात्रीचं बोट

हॅलो?… हो, बोल चिमणे… नाही गं, अजून आत बोलावलं नाही. हॉस्पिटलातच आहे, हातांच्या विभागाबाहेर, बाकावर… हो, इस्त्रीचीच साडी आहे. तू काय आई आहेस का माझी?

घाबरले? नाही. खरं सांगू, काहीच वाटत नाहीये… मुलाखतीत काय विचारणार! ऑक्युपेशनल थेरपीत इतकी वर्षं काढलीत, अर्धांगवायू झालेल्यांना बटणं लावायला शिकवलंत, मुलांना पेन्सिल धरायला शिकवलंत, मग आता फक्त हातच का?… हो, हो… अगं ऐक ना, तुझंच सांगणार आहे.

तेच. काच लागून तुझ्या कात्री धरायच्या बोटाची आतली दोरी तुटली, इथल्या सर्जन मॅडमनी ती शिवली, आणि बोट हलू नये म्हणून तुझं स्प्लिंट मी बनवत होते. प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यातून काढून आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघितला, चटका बसेल का म्हणून. मॅडम मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, तुम्ही आमच्याकडे का नाही?… त्यानंतर मला दुसरं काही करावंसंच वाटेना. एवढीच गोष्ट आहे.

फोटो? तुझ्या बोटाचे सगळे घेतलेत, त्यांना दाखवायला. शेवटच्या फोटोत ते बोट वाकतंय… तुझा चेहरा नाहीये त्यात. नेलपॉलिश आहे. हो, तेच भयंकर.

काय?… पुन्हा सांग. कुणाला उचललंस?… पिल्लूला. आणि स्प्लिंट?… काढून.

अगं, दुखत नाही म्हणजे जुळलं असं नसतं. कितीदा… नाही, ओरडत नाहीये. ओरडतेय का मी?

कधी?… आज सकाळी. काही आवाज आला?… टक. हं… बोटं मोडल्यासारखा. मग?… मग काही नाही. बरं.

फोन स्पीकरवर टाक. हात टेबलावर ठेव, तळवा वर करून. अगदी सैल, झोपलेल्या माणसाचा असतो तसा… नाही, मूठ करून बघायची नाही. मुळीच नाही. नुसतं बघ आणि मला सांग. पहिलं बोट?… थोडं वाकलेलं. मधलं?… जरा जास्त. करंगळी?… बरोबर. आणि कात्रीचं?

हो, ऐकतेय.

नाही गं. ‘छान सरळ झालं’ नाही. ते सरळ असायला नको.

तुटलीय बहुतेक. शिवलेली दोरी… हो, पुन्हा… रडू नकोस. मला बघ, मला रडूसुद्धा येत नाहीये… लवकर शिवली तर जमतं पुष्कळदा. म्हणून तर आजच म्हणतेय… पार्लरचं आत्ता नको विचारूस. कात्री धरता येईल की नाही, मला माहीत नाही. तुला धीर यावा म्हणून हो म्हणू का?… मग.

आता ऐक. स्प्लिंट चढव, सगळे पट्टे लाव. नवऱ्याला गाडी काढायला सांग. पिल्लूला शेजारच्या मावशींकडे सोड. सोड म्हणजे तू उचलायचं नाही, नवऱ्याला उचलू दे… आणि सरळ इथे ये. मॅडम इथेच आहेत, आत. त्याच तर माझी मुलाखत घेणार आहेत… हो, मीच सांगते. आधी तेच सांगते.

मुलाखतीचं काय घेऊन बसलीस!… दाखवेन की फोटो. शेवटचा पण दाखवेन. आणि म्हणेन, हे बोट काल असं होतं, आज नाही… तुझ्यावर कशाला ढकलू? तुझं पोर रडत होतं, तू उचललंस… माफी कसली मागतेस, वेडी. मला राग आलेला नाही. काहीच आलेलं नाही, खरंच.

एक मिनिट थांब… हो सर, मीच. येते.

चिमणे, बोलावलं मला. आणि हे बघ, आता काही खायचं नाही. घासभरसुद्धा नाही. पाणीही नको… भूल द्यावी लागेल म्हणून… अर्धाच राहिलाय म्हणून काय झालं? चहाही खाण्यातच आला.

उचललास ना कप?… आवाज आला मला. कुठल्या हातात आहे?

चिमणे, कुठल्या हातात?

हं. दुसऱ्या हाताने धर. आता खाली ठेव… ठेवलास?

मीपण ठेवते.